खाऱ्या हवेतलं वर्षभराचं भरतकाम : रोज एक चौकोन, चार पट्ट्या

कॅनव्हासच्या जाळीवर मोजून घातलेल्या टाक्यांचं भरतकाम, म्हणजे नीडलपॉइंट, वर्षभर रोज थोडं थोडं करायचा संकल्प पुष्कळजण करतात. कोकणात तो बहुधा जुलैत मोडतो. तोवर कॅनव्हास मऊ पडलेला असतो, सुईला तांबेरा धरलेला असतो, दुपारी चारलाच घरात अंधार होतो आणि दोन निळ्यांतला फरक दिसेनासा होतो. एवढ्याने हात थांबला की मागे राहिलेले दिवस साचतात, आणि साचलेले दिवस बघून सुई हातात घ्यावीशी वाटत नाही. म्हणून इथे दिलेली आखणी पावसाळा धरूनच केली आहे. ती अलिबागला चालेल आणि वेंगुर्ल्यालाही.

नमुना आहे समुद्राचाच. प्रत्येक दिवसाला एक चौकोन. चौकोनात खाली पाणी, वर आभाळ. पाण्याची उंची त्या दिवसाच्या तिथीवरून ठरते आणि आभाळाचा रंग त्या दिवसाच्या हवेवरून. वर्ष संपतं तेव्हा उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांची लाट आपोआप उमटलेली दिसते. वेगळं चित्र काढावं लागत नाही आणि ‘आज काय भरू?’ हा प्रश्न रोज पडत नाही. रोजच्या कामात खरा वेळ त्या प्रश्नातच जातो.

कधी सुरू करायचं

१ नोव्हेंबरला. १ जानेवारी सोयीची वाटते, पण जानेवारीत सुरू केलं तर १ जूनपर्यंत १५१ चौकोन होतात आणि हात नीट बसायच्या आत पाऊस येतो. नोव्हेंबरात सुरू केलं तर १ जूनला २१२ चौकोन झालेले असतात, १५३ उरतात. तोवर टाका डोळे मिटून पडू लागलेला असतो, पहिल्या दोन पट्ट्या ताणून, वाळवून कपाटात गेलेल्या असतात आणि पावसात चौकटीवर एका वेळी एकच पट्टी सांभाळायची राहते.

पाडव्याला सुरू करायचं असेल तर एक हिशेब आधी करा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, अधिक महिना आला की ३८४ च्या आसपास जातं. चौकोनांची संख्या त्याप्रमाणे बदलावी लागेल. इथली मोजणी इंग्रजी तारखांची आहे, तिथी फक्त पाण्याची उंची ठरवायला घ्यायची. त्यामुळे अधिक महिन्याने काही बिघडत नाही.

एकच मोठं कापड नको

३६५ चौकोन एकाच कॅनव्हासवर आखायचा मोह होतो. तो टाळा. मोठं काम गुंडाळून ठेवावं लागतं, गुंडाळीत दमट हवा कोंडते, आणि एका जागी बुरशी आली तर सगळं वर्ष हातचं जातं. तीन-तीन महिन्यांच्या चार पट्ट्या करा : नोव्हेंबर ते जानेवारी, फेब्रुवारी ते एप्रिल, मे ते जुलै, ऑगस्ट ते ऑक्टोबर.

एका पट्टीत आडवे १६ आणि उभे ६ असे ९६ चौकोन. प्रत्येक महिन्याला दोन ओळी : पहिल्या ओळीत १ ते १६ तारीख, दुसरीत १७ पासून महिनाअखेर. ३१ दिवसांच्या महिन्यात दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक चौकोन उरतो, ३० च्या महिन्यात दोन, २८ च्या फेब्रुवारीत चार. वर्षाचे मिळून १९ चौकोन उरतात (लीप वर्षात १८). ते जांभ्या दगडाच्या रंगाने भरायचे. ते उजव्या काठाला येत असल्याने किनाऱ्याचे खडक वाटतात.

कॅनव्हास

इंचाला १४ धाग्यांचा सुती मोनो, म्हणजे एकेरी धाग्यांच्या जाळीचा कॅनव्हास घ्या. १३ चाही चालेल, फक्त काम थोडं मोठं होईल. १८ चा नको. पावसाळी उजेडात ती जाळी मोजता मोजता डोळे शिणतात आणि वेळ दीडपट लागतो.

दिवसाचा चौकोन १२ धागे रुंद, १२ धागे उंच. म्हणजे १४४ तिरके टाके, मोजमाप साधारण २.२ सेंटिमीटर. पूर्ण पट्टी १९२ धागे रुंद आणि ७२ धागे उंच, म्हणजे जवळपास ३५ × १३ सेंटिमीटर. चारही बाजूंना ५ सेंटिमीटर मोकळी जागा धरून प्रत्येक तुकडा ४५ × २३ सेंटिमीटरचा कापायचा. चारही तुकडे एकाच कापडातून, एकाच दिशेने कापा, आणि कापडाची किनार प्रत्येक तुकड्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूकडे राहील असं बघा. कॅनव्हासच्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी नेमकी सारखी नसते. एक तुकडा आडवा कापला गेला तर शेवटी चार पट्ट्या शेजारी ठेवल्यावर तो दोन-तीन मिलिमीटर वेगळा भरतो.

दोरा तालुक्याच्या बाजारात शिवणसामानाच्या दुकानात मिळतो. कॅनव्हास मात्र बहुधा मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. मागवायचा तर ऑक्टोबरात. पावसात भिजलेल्या पार्सलमधल्या कॅनव्हासची खळ गेलेली असते आणि ती परत आणता येत नाही.

ही खळच आपल्या हवेतला खरा अडचणीचा भाग आहे. कॅनव्हासला कडकपणा तिच्यामुळे येतो. दमट हवेत ती ओल धरते, जाळी सैल पडते आणि टाक्याचा ताण कमी-जास्त व्हायला लागतो. शिवाय ती स्टार्चची असेल तर बुरशीला आणि कसरीला तेवढंच खाद्य मिळतं. तुकडे कापल्याबरोबर कडा बंद करा. मास्किंग टेप लावतात तसा इथे लावू नका. मे महिन्यात त्याचा गोंद पाघळतो, दोऱ्याला चिकटतो आणि चिकट डाग धुऊनही जात नाही. दोन सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी कडेवर दुमडून मशीनने शिवून घ्या.

चौकट

गोल रिंग कॅनव्हासला नको. रिंगच्या कडेला जाळीची घडी मोडते आणि ती खूण राहते. १८ × ९ इंचाची साधी लाकडी चौकट सुताराकडून करून घ्या. पट्टी सव्वा ते दीड इंच रुंद, जोड काटकोनात. लाकडाबद्दल एक सूचना : फणसाचं लाकूड घरात पडलेलं असतं म्हणून तेच वापरलं जातं, पण त्यातून पिवळा रंग उतरतो आणि ओलसर कॅनव्हास तो पटकन धरतो. पाईन घ्या, वरून वॉर्निशचा हात द्या, पूर्ण वाळू द्या. कॅनव्हास लावायला पितळी पिना वापरा, लोखंडी नकोत. आधी चार बाजूंचे मध्य पिना लावून पक्के करायचे, मग कोपऱ्यांकडे सरकायचं. बोटाने टिचकी मारली की कापड डफासारखं वाजलं पाहिजे. पावसात ते सैल पडतं. दर आठवड्याला एका लांब बाजूच्या पिना काढून पुन्हा ताणून लावायच्या.

दोरा किती लागेल

लोकर सुंदर भरते, पण किनाऱ्यावर ती ओल धरते आणि कसर लागते. सहापदरी सुती दोरा घ्या. अँकरच्या लडीत ८ मीटर दोरा असतो. १४ च्या जाळीवर सहाही पदर एकत्र वापरले की कॅनव्हास झाकला जातो.

एका तिरक्या टाक्याला पुढचं-मागचं धरून साधारण साडेसहा मिलिमीटर दोरा जातो. १४४ टाक्यांना ९५ सेंटिमीटर, आणि सुरुवात-शेवटाची शेपटं धरून चौकोनाला १.२ मीटर. वर्षाला ४३८ मीटर, म्हणजे ५५ लडी. त्यातलं पाणी थोडं जास्त, आभाळ थोडं कमी. रंगांप्रमाणे अशी खरेदी करा :

पाण्याचे चार रंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा स्वच्छ निळा १० लडी, मार्च ते मेचा हिरवट निळा ८, जून ते ऑगस्टचा गढूळ राखी-तपकिरी ८, सप्टेंबर-ऑक्टोबरचा करडा हिरवा ५.

आभाळाचे पाच रंग. निरभ्र १४, विरळ ढग ६, पूर्ण ढगाळ ५, पाऊस ५, धुवांधार पाऊस ४. कोणतं वर्ष कसं जाईल हे आधी कळत नसल्याने इथे गरजेपेक्षा आठ-नऊ लडी जास्त धरल्या आहेत.

त्याखेरीज जांभ्याचा विटकरी तांबडा ३, आणि कोरा पांढरा २.

सगळ्या लडी एकदम घ्या. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, आणि छापलेला असेल तर रंगाईच्या घाण्याचा म्हणजे लॉटचा क्रमांकही. सहा महिन्यांनी आणलेली त्याच क्रमांकाची लड किंचित वेगळी निघू शकते आणि सलग निळ्या पाण्यात ती रेघ लगेच दिसते. प्रत्येक रंगाचा बोटभर तुकडा पुठ्ठ्यावर ओवून शेजारी नाव आणि क्रमांक लिहा. हे कार्ड दिवसाउजेडी तयार करा. बल्बच्या पिवळ्या उजेडात राखी आणि हिरवट निळा सारखेच दिसतात.

तांबडा आणि गडद निळा वापरण्याआधी रंग जातो का ते बघा. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत ठेवून इस्त्री फिरवा. कापडाला रंग लागला तर तो दोरा बाजूला काढा, कारण शेवटी पट्टी ओली करावीच लागते.

सुई

बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई, २२ नंबर. टोकदार सुई कॅनव्हासचा धागा चिरत जाते. अशा आठ-दहा सुया घेऊन ठेवा. वर्षभरात त्या लागतातच. घामाने आणि खाऱ्या हवेने सुईवरचा चकचकीत मुलामा उडतो, आणि एकदा उडाला की गंज चढतो.

गंजाचा डाग कसा पडतो ते लक्षात घेण्यासारखं आहे. काम संपलं की सवयीने सुई कॅनव्हासमध्येच खोचून ठेवली जाते. सकाळी ती काढली की दोन भोकांच्या मध्ये केसाएवढी तांबूस रेघ असते. कोरड्या कॅनव्हासवर ती दिसते न दिसते. काही महिन्यांनी पट्टी ओली करून ताणली की तीच रेघ पसरून तांदळाएवढी होते आणि वरच्या फिकट आभाळातून वर येते. म्हणून उठताना सुई डबीत. दर रविवारी सुई अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिरवून बघा. कुठे खरखर लागली तर टाकून द्या.

जाळी आखणं

पेनने रेघा मारू नका. साधी शाई ताणताना ओली होते आणि दोऱ्यात चढते. शिवणाच्या फिकट पॉलिस्टर दोऱ्याने दर १२ धाग्यांवर उभा आणि आडवा धावदोरा घाला. एका पट्टीला दीड-दोन तास लागतात आणि ते सुरुवातीलाच द्यावेत, कारण मोजणीची चूक एकदा शिरली की ती पुढच्या प्रत्येक चौकोनात सरकत जाते. आखून झाल्यावर चारही कडांचे चौकोन पुन्हा मोजा : आडवे १६, उभे ६. वरच्या कडेच्या सुती पट्टीवर ‘वर’ असं लिहा. भरताना धावदोरा टोचू नये, नाहीतर नंतर तो ओढून निघत नाही.

टाका

कॅनव्हासचा उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात तो एक छेद. एका छेदावर एक टाका. सुई खालच्या डाव्या भोकातून वर, वरच्या उजव्या भोकातून खाली. वर्षभर हाच कल राहिला पाहिजे. चौकट हातात उलटी, म्हणजे अर्ध्या वर्तुळात फिरवली तरी कल तोच राहतो. पण पाव वळण दिलं तर टाके उलट्या बाजूला पडतात आणि त्या जागी प्रकाश वेगळा पडून डाग असल्यासारखं दिसतं. ‘वर’ लिहून ठेवायचं ते याचसाठी.

समोरून सारखा दिसणारा हा टाका मागून तीन तऱ्हांनी घालता येतो. अर्ध्या फुलीत मागे छोटा उभा टाका पडतो. दोरा एक तृतीयांश वाचतो, पण मोनो कॅनव्हासवर टाका धाग्यांमध्ये घसरतो आणि पाठ विरळ राहते. ती पद्धत सोडा. कॉन्टिनेंटलमध्ये उजवीकडून डावीकडे जायचं, मागे लांब तिरका दोरा पडतो. शिकायला सोपी, पण कॅनव्हास तिरका ओढते. पहिले आठ-दहा दिवस हीच वापरा.

त्यानंतर बास्केटविव्ह शिका. पाठीमागे टोपली विणल्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. ओळी तिरक्या जातात. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात. खाली उतरणाऱ्या ओळीत टाका संपला की सुई मागून सरळ खाली दोन आडवे धागे ओलांडून बाहेर काढायची, पुढचा टाका उजवीकडे खाली पडतो. वर चढणाऱ्या ओळीत सुई मागून सरळ डावीकडे दोन उभे धागे ओलांडून काढायची, पुढचा टाका डावीकडे वर पडतो. आपण चढतोय की उतरतोय हे कॅनव्हासच सांगतो : छेदावर उभा धागा वर दिसला तर ओळ उतरती, आडवा धागा वर दिसला तर चढती. चष्मा लावून, जाळी उजेडाकडे धरून हे एकदा नीट बघा. काल कुठे थांबलो ते विसरलं तरी या खुणेवरून पुढची दिशा कळते, आणि रोज थोडं काम करणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. या पद्धतीत मागचे दोरे उभे-आडवे पडत असल्याने पट्टी वाकडी होत नाही.

दोरा ४५ सेंटिमीटर कापा, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत. जास्त लांब घेतला तर जाळीतून घासून तो पिसारतो. सहाही पदर एकेक करून वेगळे ओढा, मग पुन्हा जुळवा. पीळ निघून गेला की दोरा सपाट बसतो आणि कॅनव्हास नीट झाकतो. या एका मिनिटाने कामाची सफाई जितकी वाढते तितकी दुसऱ्या कशाने वाढत नाही. एका लडीचे १७ तुकडे होतात, चौकोनाला जवळपास पावणेतीन तुकडे लागतात.

सुरुवातीला गाठ वरच्या बाजूला, कामाच्या दिशेने तीन सेंटिमीटर पुढे ठेवा. मागचा दोरा टाक्यांखाली दबला की गाठ कापून टाकायची. शेवट करताना पाच-सहा टाक्यांच्या खालून सुई न्यायची. दर वेळी एकाच रेषेत शेवट करू नका, तिथे वरून उंचवटा दिसतो. गढूळ पाण्याचा दोरा फिकट आभाळाच्या मागे नेऊ नका, पदरांतून तो काळपट दिसतो.

दर पाच-सहा टाक्यांनी सुई सोडून लोंबू द्या, पीळ आपोआप उलगडतो. दोरा इतका ओढू नका की टाक्यांच्या मधून कॅनव्हासचे पांढरे दात दिसतील. चुकलं तर दोन-चार टाके उसवता येतात, त्याहून जास्त असतील तर वरून कापून चिमट्याने दोरे काढा. उसवलेला दोरा परत वापरू नका, तो लोकरीसारखा फुगतो.

नवीन हात मिनिटाला सात-आठ टाके घालतो. चौकोनाला वीस मिनिटं, दोरा जुळवणं धरून पंचवीस. महिन्या-दोन महिन्यांत हे पंधरा-अठरावर येतं.

पाण्याची उंची

कॅलेंडरमध्ये त्या तारखेला छापलेली तिथी घ्या. दोन्ही पक्षांना आकडे तेच. चौकोनाच्या बारा ओळींपैकी खालून इतक्या ओळी पाणी :

प्रतिपदा १०, द्वितीया १०, तृतीया ९, चतुर्थी ८, पंचमी ७, षष्ठी ६, सप्तमी ५, अष्टमी ४, नवमी ३, दशमी ३, एकादशी ४, द्वादशी ५, त्रयोदशी ७, चतुर्दशी ८, पौर्णिमा किंवा अमावास्या ९.

सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमा-अमावास्येला न दाखवता प्रतिपदा-द्वितीयेला दाखवलं आहे, आणि भांग अष्टमीऐवजी नवमी-दशमीला. समुद्रात होतं तसंच आहे हे. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत आल्यावर पाण्याला पूर्ण उधाण यायला दिवस-दीड दिवस लागतो. जेट्टीच्या खांबावरची ओल बघितली तर पडताळा येतो. क्षय तिथी आली तर उंची एका पायरीने उडी मारेल, वृद्धी तिथीला दोन चौकोन सारखे होतील. तसंच राहू द्या.

पौर्णिमेच्या चौकोनात आभाळाच्या तीनच ओळी असतात. त्यात दोन धाग्यांवर एक फुली आणि तिच्यावर उभी-आडवी अधिकची खूण असा स्मर्ना टाका कोऱ्या पांढऱ्याने घातला की चंद्र होतो. चार छेदांची जागा आधी मोकळी सोडायला विसरू नका.

आभाळाचा रंग आणि वही

आभाळाचा रंग संध्याकाळी, दिवसभरात जे जास्तीत जास्त झालं त्यावरून ठरवा. अंगण भिजलं तर ‘पाऊस’. पागोळ्या थेंब थेंब न पडता सलग धारेने बराच वेळ पडल्या तर ‘धुवांधार’. आकडा हवा असेल तर हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला की तो मुसळधार धरतात. धुवांधारला तीच रेषा घ्या.

हे सगळं एका वहीत रोज एका ओळीत लिहायचं : तारीख, तिथी, पाण्याच्या ओळी, आभाळ. अर्धं मिनिट लागतं. टाका एखाद दिवस चुकला तरी चालेल, वही चुकू देऊ नका. वहीत नोंद असेल तर मागचा चौकोन चार दिवसांनीही खरा भरता येतो. नोंदच नसेल तर तो कोऱ्या पांढऱ्याने भरा. अंदाजाने रंग घालू नका. आजारपण, लग्नघर, गणपतीत चाकरमानी घरी आले म्हणून भरलेलं घर, अशा दिवसांचे पाच-सात पांढरे चौकोन पट्टीत आले तर ते वर्षाचेच आहेत.

मागे पडलेलं भरून काढताना दिवसाला दोनच चौकोन. एका बैठकीत पाच-सहा भरले की मनगट दुखतं आणि ताणही बदलतो. ते चौकोन पट्टीत ओळखू येतात. गणपतीच्या दिवसांत किमान वाटा ठरवून घ्या : पाण्याची खालची एक ओळ, बारा टाके, दोन मिनिटं. उरलेला चौकोन विसर्जनानंतर.

मे आणि पावसाळा

मे महिन्यातला शत्रू घाम आणि चीक. बसण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. फणस कापून खोबरेल लावलेल्या हातांना दोन वेळा साबण. आंब्याचा आणि काजूचा चीक, आमसुलांचा रस यांचे डाग सुती दोऱ्यातून निघत नाहीत, त्या दिवसांत काम स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, म्हणून घासत बसू नका. पाण्याने टिपून तेवढीच जागा थोडा वेळ उन्हाला दाखवा, हळद उन्हात उडते. बाकी पट्टी कापडाने झाका, नाहीतर दोऱ्याचाही रंग उतरेल.

पावसाळ्यात काम झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा घट्ट प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. त्या जुलैच्या मध्यात बदला, तोवर त्यांनी पोटभर ओल शोषलेली असते. मिठात घालतात तसे तांदूळ दोऱ्यांत घालू नका, पोरकिडे होतात. वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून ठेवल्या तर चालतात, पण कापडाला थेट टेकू देऊ नका. आठवड्यातून एकदा डबा उघडून सगळं अर्धा तास पंख्याखाली ठेवा.

बसायची वेळ बदला. रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते बारा, वहीतली नोंद बघून, पडवीत किंवा उत्तरेच्या खिडकीशी. वीज जाणार हे धरून पांढऱ्या उजेडाचा चार्जिंगचा दिवा असू द्या, आणि आजचे दोरे उजेडातच काढून सुयांत ओवून ठेवा.

पाठीमागे बारीक काळे-हिरवट ठिपके दिसले तर ती बुरशी. ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. पूर्ण कोरडं होऊ द्या, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा, तोंडाला रुमाल बांधून. तो डबा रिकामा करून उन्हात ठेवा.

ताणून वाळवणं

पट्टी भरून झाली की धावदोरे ओढून काढा आणि चौकटीवरून उतरवा. बास्केटविव्ह केलं असलं तरी थोडा तिरकेपणा राहतोच. प्लायवर सेंटिमीटरच्या चौकोनांचा कागद, त्यावर पारदर्शक प्लास्टिक लावा. पट्टी उलटी ठेवून फवाऱ्याने ओलसर करा, चिंब नको. मग गंज न धरणाऱ्या पिनांनी दर दोन सेंटिमीटरवर रेघेला धरून टाचा : आधी मध्य, मग कोपरे. हिवाळ्यात दोन दिवसांत वाळते. पूर्ण वाळल्याशिवाय पिना काढल्या तर ती पुन्हा वाकडी होते.

जुलैअखेर संपणारी तिसरी पट्टी मात्र लगेच ओली करू नका. ऑगस्टमध्ये ओला कॅनव्हास पाच-सहा दिवस वाळत नाही, आणि तेवढ्यात बुरशी पाठ धरते. ती कोरडीच, सपाट, दोन सुती कापडांच्या मध्ये डब्यात ठेवा. चौथी पट्टी ऑक्टोबरअखेर संपली की नोव्हेंबरच्या उन्हात तिच्याबरोबर ताणा.

चारही पट्ट्या एकाखाली एक, काचेच्या एकाच फ्रेममध्ये लावता येतात. काच दोऱ्याला टेकता कामा नये, मध्ये पाच-सहा मिलिमीटरची लाकडी पट्टी घालून घ्या, नाहीतर काचेच्या आतून धरलेला दमटपणा टाक्यांवर उतरतो. पाठीला पुठ्ठ्याऐवजी सुती कापड ताणलेला प्लाय. फ्रेम बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीवर लावू नका, पावसात ती भिंत ओल सोडते. आतल्या भिंतीवर लावा, आणि फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळती राहील.